एकादशी आणि दुप्पट खाशी: कडक डाएटनंतर वजन वाढलेलं कोणी आहे का?

चाफेकळी | सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

ठाण्यात कोलशेत रोडला राहते, वय ४३, ऑफिस फोर्टला. गेल्या वर्षी मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. जानेवारीत काट्यावर ७८ दिसले आणि मी इरेला पेटले. सोसायटीतल्या एकीच्या ओळखीनं डाएट देणाऱ्या एका बाई गाठल्या (नाव विचारू नका). त्यांचा तक्ता असा: उठल्यावर जिऱ्याचं पाणी, नाश्त्याला अर्धं सफरचंद, दुपारी काकडी-टोमॅटो आणि वाटीभर मुगाचं कढण, चार वाजता ग्रीन टी, संध्याकाळी सातला दुधीचं सूप. पोळी, भात, तेल, साखर सगळं बंद. नंतर कधीतरी मोजलं तर दिवसाला सातशे-आठशेच कॅलरी भरत होत्या.

चार महिन्यांत ११ किलो उतरले. ६७! लग्नात नऊवारीत मिरवले, नणंदेनं दोनदा विचारलं की बरं आहे ना सगळं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमरस होता. एक वाटी घेतली. मग म्हटलं आज मोडलंच आहे तर...

पण खरं सांगते, त्यानंतर मी काही रोज वडे तळत बसले नाही. डाएटच्या आधी जेवायचे तेच जेवत होते. आणि काल काट्यावर ८१. म्हणजे गेले ११ आणि आले १४.

नवरा म्हणतो, तुझी इच्छाशक्ती कमी पडली. सासूबाई म्हणतात, एकादशी आणि दुप्पट खाशी. डाएटवाल्या बाई म्हणतात, नवीन पॅकेज आहे. कोणाचं असं झालंय का? माझं नक्की चुकलं कुठे?

खारीबिस्कीट | सोमवार, रात्री ११:३१

हजर! मी नौपाड्यातून रबाळ्याला जातो, त्यामुळे मला काट्याची गरज पडत नाही. ट्रान्सहार्बरला चौथ्या सीटवर टेकलो की तिसऱ्या सीटवाला किती सरकतो त्यावरून वजन कळतं. गेल्या दिवाळीआधी डाएटवर होतो तेव्हा "या, बसा" म्हणायचे. आता मी डब्यात शिरलो की तिघंही झोपेचं सोंग घेतात.

सोनसाखळी | मंगळवार, सकाळी ७:४८

+१. शब्दन् शब्द माझा. फक्त आमरसाऐवजी श्रीखंड.

हिशोबनीस | मंगळवार, सकाळी ९:०५

भावना बाजूला ठेवू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १४ किलो म्हणजे १,०७,८००. भागिले ३६५. रोजच्या २९५ कॅलरी तुम्ही जास्त खाल्ल्यात. तूप लावलेल्या दोन पोळ्या आणि थोडं वर. "तेच जेवत होते" हे खरं असूच शकत नाही. ताळेबंद जुळतोच, जुळला नाही तर कोणीतरी काहीतरी लपवतंय.

चाफेकळी | मंगळवार, सकाळी ९:२०

बाब्बौ. मी सल्ला मागितला होता, नोटीस नव्हती.

चरईची_आजी | मंगळवार, सकाळी ११:१५

अग पोरी, मनावर घेऊ नकोस. आमच्या काळी घरात वजनकाटा हा प्रकारच नव्हता. स्टेशनावर असायचा तो लाल-पिवळ्या दिव्यांचा, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मी लग्नानंतर ठाण्यात आले तेव्हा हौसेनं चढले. वजन ५२ आणि मागे लिहिलेलं, 'आपण उदार स्वभावाचे आहात'. ह्यांनी ते तिकीट पाकिटात ठेवलं होतं. वजनासाठी ठेवलं की स्वभावासाठी, ते काही बोलले नाहीत.

उपास म्हणशील तर आम्ही सगळे केले. सोमवार, चतुर्थी, एकादशी. पण त्यानं कोणी बारीक झालेलं मी पाहिलं नाही. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर केळं. तुझ्या सासूबाई बरोबर बोलल्या, पण टोमणा मारायची ती जागा नव्हती.

खारीबिस्कीट | मंगळवार, सकाळी ११:२२

आजींना लोटांगण. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं म्हणाल तर बोलायला नकोत. उपास कोणाचा असतो तेच कळत नाही, आपला की साबुदाण्याचा.

रताळं | मंगळवार, सकाळी ११:४०

माझ्या नावानं पाडला जाणारा कीस थांबवावा ही विनंती.

पांढराकोट | मंगळवार, दुपारी २:५०

ओपीडी आटोपून लिहितोय (नेरुळ). हिशोबनीस, तुमचा गुणाकार-भागाकार चोख आहे. गडबड अशी की खर्चाची बाजू तुम्ही कायम धरलीत.

७८ किलोचं शरीर चालवायला जेवढं लागतं तेवढं ६७ किलोच्या शरीराला लागत नाही. वजन कमी झालं की दर किलोमागे रोजचा खर्च ढोबळमानानं २० ते ३० कॅलरींनी उतरतो. ११ किलोला २२० ते ३३०. आता चाफेकळी म्हणतात, मी 'नेहमीचंच' जेवले. मान्य. पण ते नेहमीचं जेवण ७८ किलोच्या बाईचं होतं. ते ६७ किलोच्या बाईनं जेवलं तर ती पुन्हा हळूहळू ७८ ला येऊन थांबणार. यात लपवाछपवी नाही आणि इच्छाशक्तीचाही संबंध नाही.

उरले वरचे तीन किलो. ते भुकेचे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला होता. युद्धात लढायला तत्त्वानं नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वतःहून पुढे आले. त्यांना २४ आठवडे साधारण १,६०० कॅलरींवर ठेवलं, आणि भरपूर चालवलं. वजन पाव भागानं घटलं. पण लक्षात राहतं ते वेगळंच. ही मुलं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. ताटल्या चाटायची. जेवण तास-तास पुरवून खायची. चिडचिड, उदासी, थंडी वाजणं. प्रयोग संपून हवं तेवढं खायची मुभा मिळाली तेव्हा काहीजण पोटाला तडस लागेपर्यंत खायचे आणि तरी भूक आहे म्हणायचे. स्नायू भरून यायच्या आधी चरबी परत आली, आणि आधी होती त्याच्याही वर गेली.

त्याला जग उपासमारीचा प्रयोग म्हणतं. चाफेकळी, त्यांच्या निम्म्या कॅलरींवर तुम्ही चार महिने होतात, वर लोकलनं फोर्टला जात होतात.

चाफेकळी | मंगळवार, दुपारी ३:०४

डॉक्टर, अंगावर काटा आला. मी त्या चार महिन्यांत यूट्यूबवर फक्त रेसिप्या बघायचे. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत. पुरणपोळीचे चाळीसेक व्हिडिओ पाहिले असतील. नवऱ्याला वाटायचं मला स्वयंपाकाची गोडी लागली.

हिशोबनीस | मंगळवार, दुपारी ३:३०

खर्चाच्या बाजूची नोंद मान्य. भुकेची नाही. भूक म्हणजे काही खर्चाचं व्हाउचर नव्हे.

दोनवेळचा | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

इथे सगळे डाएटच्या नावानं बोटं मोडताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी ऐरोलीचा, वय ५१. डॉ. जिचकारांनी सांगितलेली आणि डॉ. दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली पद्धत, दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही. साडेतीन वर्षं झाली. ९२ चा ८१ झालो आणि ८१-८२ लाच आहे. लोक म्हणतात कडक आहे. मला तर हे सोपं वाटतं, कारण काय खाऊ आणि काय नको हा विचारच नाही. घरात केलंय ते पोटभर जेवतो. भात, पोळी, आमटी, रविवारी सुरमई. ऑफिसात वाढदिवसाचा केक आला की म्हणतो माझं जेवण झालं. विषय संपला.

त्यामुळे 'कडक डाएट वाईट' हे सरसकट विधान मला पटत नाही. कडक कशात, ते बघा.

सोनसाखळी | मंगळवार, संध्याकाळी ६:२२

दोनवेळचा, तुम्हाला ताटावर आयतं मिळतं ना? मी ते तीन महिने केलं. सकाळी साडेपाचला उठून तीन डबे भरायचे, चव बघायची नाही, मुलाच्या ताटातलं उरलेलं तोंडात टाकायचं नाही, चारला सासऱ्यांना चहा-पोहे करून द्यायचे आणि आपण बघत बसायचं. चौथ्या महिन्यात मी ओट्यापाशी उभी राहून डब्यातला चिवडा मुठीनं खाल्ला. रडू आलं होतं.

दोनवेळचा | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. बायकोला दाखवला तर म्हणाली, "वाचा परत एकदा, मोठ्यानं."

खारीबिस्कीट | मंगळवार, संध्याकाळी ६:४१

वहिनींना आयडी काढून द्या. प्रतिसाद दर्जेदार येतील.

तळ्यात_मळ्यात | मंगळवार, रात्री ९:१५

चाफेकळीच्या "आज मोडलंच आहे तर" या वाक्यावर थांबले. मानसशास्त्र शिकवते (तलावपाळीजवळ राहते म्हणून हा आयडी, स्वभावही तसाच). १९७५ मध्ये एक गमतीदार प्रयोग छापून आला होता. काहीजणींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही, मग सगळ्यांना आइस्क्रीम हवं तेवढं खायला सांगितलं. सांगताना 'चव कशी वाटते ते कळवा' एवढंच सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोट भरलेलं. ज्या सतत डाएटवर असायच्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं! उपास बाटला, आता काय राखायचं.

तक्ता जितका कडक तितका तो मोडायला सोपा. एक वाटी आमरसानं दोनवेळचा यांचं काही मोडत नाही, जेवणाच्या वेळी घेतला की झालं. चाफेकळीच्या तक्त्यात तर पोळीचा तुकडासुद्धा पाप होता.

मुक्तछंद | मंगळवार, रात्री १०:३०

धागा चांगला चाललाय, तरी थोडं उलटं लिहितो, कारण 'झटपट उतरवलेलं वजन झटपट परत येतं आणि सावकाश उतरवलेलं टिकतं' हे वाक्य आता इथे येणारच आहे.

ऑस्ट्रेलियात दोनशे जणांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना १२ आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं, अर्ध्यांना ३६ आठवडे सावकाश. ठरवलेलं वजन उतरवणं झटपटवाल्यांतल्या ८१ टक्क्यांना जमलं, सावकाशवाल्यांतल्या ५० टक्क्यांना. पुढे जवळजवळ तीन वर्षं लक्ष ठेवलं. उतरलेल्यापैकी साधारण ७१ टक्के वजन परत आलं, दोन्ही गटांत सारखंच.

दुसरं, इंग्लंड-स्कॉटलंडमधली मधुमेहाची मोठी चाचणी. ३०६ रुग्ण, निम्म्यांना ८५० च्या आसपास कॅलरींचं द्रवान्न तीन ते पाच महिने. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. म्हणजे आठशे कॅलरींनी काही घरावर वीज पडत नाही. वेग हा गुन्हेगार नाही.

पांढराकोट | मंगळवार, रात्री ११:०५

मुक्तछंद, दोन्ही दाखले बरोबर, आणि बरं झालं तुम्ही दिलेत. फक्त त्या ८५० कॅलरींत प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार सगळं मोजून घातलेलं होतं, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच थांबवल्या होत्या, आणि नंतर अन्न हळूहळू परत कसं आणायचं याचा कार्यक्रम होता. काकडी, कढण आणि दुधी याला ते नाव देऊ नका. शिवाय वजन फार वेगानं उतरलं की पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो. मी दर वर्षी असे दोन-तीन बघतो, लग्नसराईनंतर.

तुमच्या चाचणीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं: दोन्ही गटांत वजन परत आलं. म्हणजे प्रश्न उतरवण्याचा नाहीच, त्यानंतरच्या भुकेचा आहे.

हिशोबनीस, भुकेचं व्हाउचर हवं होतं ना? मधुमेहाचं एक औषध आहे, त्यानं रोज साधारण ९० ग्रॅम साखर लघवीतून निघून जाते. म्हणजे ३६० कॅलरी. रुग्णाला ते जाणवत नाही, तो डाएटवर नसतो. अशा रुग्णांच्या वर्षभराच्या वजनाच्या नोंदी घेऊन केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उलटं गणित मांडलं. साखर एवढी जातेय तर वजन आणखी उतरायला हवं होतं, ते का थांबलं? कारण नकळत त्यांचं खाणं वाढलं होतं. किती? उतरलेल्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १०० कॅलरी. खर्चातली घट २०-३०, भुकेतली वाढ १००.

११ किलोला लावून बघा.

हिशोबनीस | मंगळवार, रात्री ११:२६

१,१००.

हिशोबनीस | मंगळवार, रात्री ११:२७

म्हणजे ही बाई रोज ११०० ची भूक घेऊन जगत होती आणि त्यातली ८०० तिनं दाबली, असं तुमचं म्हणणं?

पांढराकोट | मंगळवार, रात्री ११:३४

काटेकोर तसं नाही, सरासरीचे आकडे एका माणसाला असे चिकटवू नयेत. पण दिशा तीच. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन घटतं, आणि वजन उतरवल्यानंतर वर्षभरानंही ही गणितं पूर्ववत झालेली नसतात, हे मोजलेलं आहे. नवीन इंजेक्शनं वजन उतरवतात ती मुख्यतः भूकच कमी करून. बंद केली की भूक परत, मागोमाग वजन.

चाफेकळी | मंगळवार, रात्री ११:५०

हा प्रतिसाद नवऱ्याला व्हॉट्सॲप केलाय. दोन निळ्या टिका आल्यात. शेजारच्याच खोलीत आहे, उत्तर नाही.

रानमांजर | बुधवार, सकाळी ६:२०

येऊरला पळून आले, आता निवांत लिहिते. दोन गोष्टी.

पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले की लोक पेढे वाटतात. ते बहुतेक पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, अर्धा किलोच्या आतबाहेर, आणि तो आपल्या तिप्पट पाणी धरून बसतो. पोळी-भात बंद केला की साठा रिकामा, पाणीही गेलं. खायला लागलं की परत. गेल्या गणपतीत माझी जाऊ रडत होती, दोन दिवसांत दोन किलो वाढले म्हणून. मी म्हटलं, दोन किलो चरबी म्हणजे १५,४०० कॅलरी. एका मोदकाला दोनशे धरल्या तरी ७७ मोदक लागतील. खाल्लेस?

दुसरी. चाफेकळी, तुझ्या तक्त्यात प्रथिनं कुठेच नाहीत ग. आपल्याकडची शिफारस वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुला साठेक ग्रॅम तरी. वाटीभर कढणात काय येणार? मग शरीर स्नायू मोडून खातं. गेलेल्या ११ मध्ये स्नायू किती गेले देव जाणे, आणि आलेल्या १४ मध्ये ते तेवढे परत आले नसणार. आता काट्याकडे बघू नकोस, जिना चढून बघ.

चाफेकळी | बुधवार, सकाळी ८:३०

पाचव्या मजल्यावर राहते. लिफ्ट बंद होती तेव्हा कळलं होतं. बोलायला लागू नका.

हिशोबनीस | बुधवार, सकाळी ९:००

७७ हा आकडा तपासला. बरोबर आहे.

उपवनी | बुधवार, सकाळी ९:१०

अवांतर. दुधीवरून आठवलं, सकाळी तळ्याभोवती फिरून झाल्यावर ते हिरवे रस मिळतात, ते वजनाला चांगले असतात का?

पांढराकोट | बुधवार, सकाळी ९:४५

वजनाचं जाऊ दे. कच्च्या दुधीचा रस कडू लागला तर लगेच थुंकून टाका. कडू दुधीत विषारी द्रव्य असतं, रक्ताच्या उलट्या होऊन लोक अतिदक्षता विभागात गेलेत, दगावलेतही. आलं-पुदिना घालून कडवटपणा झाकू नका. भाजी करायची तर आधी फोड चाखून बघतात ना, आजी?

चरईची_आजी | बुधवार, सकाळी १०:३०

काकडी, दुधी, दोडका, चाखल्याशिवाय चिरायचा नाही. आईनं शिकवलं होतं. आता सगळं मिक्सरमध्ये जातं, जिभेला विचारतो कोण.

सोनसाखळी | बुधवार, दुपारी १२:५५

केसांचं कोणी बोललं नाही. डाएट सुरू केल्यापासून तिसऱ्या महिन्यात माझे केस मुठीनं जायला लागले. मी शँपू बदलले, तेल बदललं, वाशीच्या पाण्याला दोष दिला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, दोन-तीन महिन्यांपूर्वी काही आजार, बाळंतपण, उपासमार? मी म्हटलं उपासमार नाही हो, डाएट. त्या म्हणाल्या, केसांना फरक कळत नाही. सहा-आठ महिन्यांनी परत आले, देवाची कृपा.

खारीबिस्कीट | बुधवार, दुपारी १:१०

मी जेवणाच्या सुट्टीत हा धागा वाचायचं बंद करतोय. कालपासून डोळ्यासमोर मामलेदारची तिखट मिसळ नाचतेय. मिनेसोटाच्या मुलांना ठाण्यात ठेवलं असतं तर प्रयोग दोन दिवसांत संपला असता.

रताळं | बुधवार, दुपारी १:१५

मिसळीतली मटकी हेही प्रथिनच. रानमांजर यांनी खुलासा करावा.

रानमांजर | बुधवार, दुपारी १:४०

मटकी हो. वरची तर्री नाही. आणि चार पाव तर नाहीच नाही.

मुक्तछंद | बुधवार, रात्री ८:२०

मिसळीवरून धागा घसरायच्या आत: चाफेकळींनी विचारलं होतं, चुकलं कुठे. माझ्या मते लग्नाच्या तारखेला. म्हणजे डाएटला शेवटची तारीख होती, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून काय जेवायचं हे कोणीही सांगितलं नव्हतं. पॅकेज लग्नापर्यंतचं होतं, शरीर नाही.

दोनवेळचा | बुधवार, रात्री ८:५०

याला जोरदार अनुमोदन. बायकोचंही.

चाफेकळी | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:०५

धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.

हिशोबनीस यांच्यावर चिडून मी वहीत सगळं लिहून काढायचं ठरवलं. कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. पहिल्या आठवड्यात टेबलावर बसून जेवलेलं लिहिलं, तेव्हा मी अगदी साध्वी निघाले. दुसऱ्या आठवड्यात सोनसाखळीचा चिवडा आठवला आणि उभ्यानं खाल्लेलंही लिहायला लागले. रात्री साडेदहाला ओटा आवरताना कढईतली भाजी, लेकाच्या ताटातली अर्धी पोळी, वाटीच्या तळाचा वरणभात, "एवढ्याशासाठी डबा कशाला भरायचा" म्हणून. लेडीज डब्यात मुलुंड ते घाटकोपर फिरणारी चिक्की. २९५ सापडले, हिशोबनीस. सुट्टे पैसे धरून.

पण एक गोष्ट वहीमुळेच कळली. ही रात्रीची भूक डाएटच्या आधी मला नव्हती. मी ओटा पुसून सरळ झोपायचे. ती त्या चार महिन्यांनंतर आली आणि बसली.

आता सकाळी मुगाची दोन धिरडी आणि दही खाऊन निघते, डब्यात पोळ्या दोनच पण उसळ भरपूर, आणि सातला आल्यावर लगेच जेवते, सगळ्यांची वाट न बघता. हे शेवटचं घरात पचायला जरा जड गेलं. पण रात्रीच्या कढईत आता हात जात नाही, निदान रोज जात नाही. कंबर अर्धा इंच कमी. काट्यावर ८०.४. रानमांजरनं सांगितलंय म्हणून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना, पुढे लिफ्ट.

आणि नवरा. त्या रात्रीच्या मेसेजला त्यानं चार दिवसांनी उत्तर दिलं. "ओटा मी आवरत जाऊ का?" एवढंच. आवरतोय. आता कढईतली भाजी तो खातो.

पांढराकोट | रविवार, सकाळी १०:४०

त्यांचंही वजन लिहीत चला.

चरईची_आजी | रविवार, सकाळी ११:००

धिरड्यात आलं आणि मूठभर कोथिंबीर घाल. तव्यावर झाकण ठेवलंस तर तेल थेंबभर पुरतं. आणि डाळ रात्री भिजवतेस ना? हिरव्या मुगाची सालासकट कर, छान होतात.

सोनसाखळी | रविवार, सकाळी ११:१२

"सगळ्यांची वाट न बघता" वर अडकलेय. आज करून बघते.

हिशोबनीस | रविवार, दुपारी १२:३०

अभिनंदन. ०.६ किलो पाणीही असू शकतं, नोंद असावी.

एक कबुली द्यायची आहे. तुमच्या वहीवरून मीही तीन आठवडे लिहितोय. १,४०० वर राहायचं ठरवलं होतं. रोजची बेरीज १,३८० ते १,४१० च्या मधे, एकही दिवस चुकला नाही. वजन ग्रॅमभर हललं नाही. परवा रात्री स्वप्नात बटाटेवडा आला. ताळेबंद जुळत नाहीये.

खारीबिस्कीट | रविवार, दुपारी १२:३४

सीए साहेब, ऑफिसातल्या खणातलं फरसाण कुठल्या खात्याला टाकलंत?

हिशोबनीस | रविवार, दुपारी १२:५१

सस्पेन्स अकाउंट.